तुम्ही अमेरिका, मी युरोप

शौकतभाई, डबे गेले. आधी हे सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही नीट ऐकाल. तुम्हाला मी ओळखते. वर पोचल्या पोचल्या तुम्ही पहिला प्रश्न हाच विचारला असणार, की आज साइटवर जेवण गेलं का. गेलं. उशीर झाला, एका कॅम्पवर चिकन नाही म्हणून कुरकुर झाली, पण उपाशी कोणी राहिलं नाही. आता निवांत बसा. आज तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, आणि अशी संधी मी सोडणारी बाई नाही.

तुम्हाला जाऊन महिनासुद्धा झाला नाही अजून. जो भेटतो तो तुमचं चांगलं बोलतो. खाडीकाठच्या गावातून आलात, दुसऱ्याच्या किचनमध्ये कांदे सोललेत, मग इथे ओमानमध्ये, रुवीत, स्वतःचं किचन उभं केलंत, हे सगळ्यांना पाठ आहे. ते मी परत सांगत बसणार नाही. मला आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात आणि मला त्याचा राग आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आपण तिघं डबेवाले. तुमचं किचन सगळ्यांत मोठं, कंपन्यांच्या कामगार कॅम्पना जेवण पुरवणारं, तीन पिकअप, जमिनीवर बसवलेल्या देगी. वादी अदाईत माझी आणि ह्यांची छोटी शाकाहारी खानावळ. आणि अल मवालेहला भाजी मार्केटच्या जवळ दळवींची मासे-भाताची. एका वर्षी पाऊस पडला, वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या त्या ओढ्याला, पाणी आलं, आमच्या खानावळीत गुडघाभर चिखल शिरला. मी कपाळाला हात लावून बसले होते. तुम्ही फोन केलात आणि एवढंच म्हणालात, "ताई, तुझी माणसं माझी. चिखल काढ तू." आमची शेगडी परत पेटेपर्यंत आमच्या लोकांना तुम्ही जेवू घातलंत. तेही शाकाहारी, वेगळ्या भांड्यात. तेव्हापासून आपला करार झाला. कागद नाही, सही नाही. ज्याची चूल बंद पडेल त्याने तुम्हाला फोन करायचा, तुम्ही वाटून द्यायचं, बाकीच्यांनी शिजवायचं. एकाची चूल बंद म्हणजे तिघांची बंद.

हे शेवटचं वाक्य तुम्ही टीव्हीवरून उचललं होतंत. शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या हॉलमध्ये आपण जमायचो, भाभी आतून बिनदुधाचा सुलेमानी चहा पाठवायच्या आणि टीव्हीवर त्या अटलांटिक महासागराच्या दोन काठांवरच्या लष्करी युतीची बातमी चालू असायची. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हा त्यांचा नियम. तुम्हाला तो ऐकताक्षणी आवडला. आणि अमेरिकेचा अध्यक्ष जेव्हा युरोपला म्हणायला लागला, की तुमचं ओझं आम्ही किती दिवस वाहायचं, तेव्हा तर तुमचे डोळेच चमकले.

"बघ, अगदी माझ्या मनातलं बोलला," तुम्ही म्हणालात. "सैन्य त्यांचं, जहाजं त्यांची, अणुबॉम्ब त्यांचा. आणि युरोपवाले काय करतात? सुट्टीवर जातात, वाइन पितात. ताई, तू युरोप आहेस."

"मी वाइन पीत नाही," मी म्हटलं.

"पण सुट्टीवर जातेस. गणपतीला गावी गेलीस तेव्हा तुझे डबे कोणी केले?"

झालं, त्या दिवसापासून तुम्ही अमेरिका आणि मी युरोप. दळवींनी स्वतःहूनच आइसलँड घेतलं. त्या देशाकडे सैन्यच नाही, तरी युतीत आहे, कारण समुद्राच्या अगदी मोक्याच्या जागी बसलाय, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. दळवींकडेही गाडी नाही, देग नाही. पण मार्केटमध्ये पहाटे ट्रक उतरला की पहिली भेंडी कोणाला मिळते? दळवींना. त्यांच्यामुळे तुम्हाला आणि मला. "मी जागेवर आहे हेच माझं योगदान," असं म्हणून ते पाय पसरून बसायचे. आमचे हे मात्र कोणताच देश व्हायला तयार नव्हते. म्हणाले, "मी ओमान. मी सगळ्यांशी बोलतो, कोणाच्या गोटात नाही." इतकी वर्षं या देशात राहून एवढं शहाणपण त्यांनी घेतलं, तुम्ही काही घेतलं नाहीत.

आणि काय भांडायचो हो आपण. लोकांना वाटायचं, जमिनीची केस चालू आहे.

तुमचं म्हणणं सरळ होतं. मोठ्याने वजन उचलायचं आणि छोट्यांनी सावलीला बसायचं, याला युती म्हणत नाहीत, याला पाहुणचार म्हणतात. माझं म्हणणं, पाहुणचार करणारा माणूस घरातून बाहेर पडून दुसऱ्याच्या अंगणात खाट टाकून बसत नाही. अमेरिकेला तळ कुठे मिळाले? युरोपात. जखमी सैनिक आधी कुठल्या दवाखान्यात नेले? जर्मनीत. विमानं, तोफा कोणाच्या विकल्या गेल्या? त्यांच्याच. आणि जगात कुठेही बोलायला उभं राहिलं की पाठीशी एवढे देश उभे दिसतात, ते वजन कोणाचं? "शौकतभाई," मी म्हणायचे, "कंपनीवाले तुमच्याकडे येतात कारण तुमचा डबा कधी चुकत नाही. ते नाव तुमचं आहे, पण ते दोन खानावळींच्या पाठबळावर आहे. उद्या तुमची चूल बंद पडली तर आम्ही आहोत."

"माझी चूल बंद पडलेली तू पाहिलीस?"

"नाही."

"मग खलास. तुझं पाठबळ कधी लागलं नाही. जे कधी लागलं नाही त्याला पाठबळ कसं म्हणायचं?"

यावर मला राग यायचा, कारण तुमचं खरं होतं. सगळा इतिहास तुमच्या बाजूचा. आमची वादी भरली, तुम्ही धावलात. दळवींचा आचारी वाद घालून निघून गेला, तुम्ही धावलात. आम्ही तुमच्यासाठी कधी धावलो? वेळच आली नाही. तुम्ही येऊच दिली नाहीत.

मग एक दिवस माझ्या हाती हुकमाचं पान लागलं. ती गोष्ट मी तुम्हाला सांगितली, तो शुक्रवार आठवतो ना? मी विचारलं, "शौकतभाई, एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, हे कलम आजवर किती वेळा वापरलं असेल?" तुम्ही म्हणालात, असेल दहा-बारा वेळा. मी म्हटलं, एकदाच. आणि कोणासाठी? कुठल्या छोट्या देशासाठी नाही. अमेरिकेसाठी. त्यांच्या शहरांवर विमानं आदळली तेव्हा. युरोपची विमानं समुद्र ओलांडून अमेरिकेच्या आकाशात पहारा द्यायला गेली होती. मग छोट्या छोट्या देशांची पोरं अमेरिकेच्या बाजूने परक्या डोंगरांत लढायला गेली, त्यातली कितीतरी परत आली नाहीत. तुम्ही जावेदला, तुमच्या पुतण्याला, मोबाइलवर बघायला लावलंत. त्याने बघून मान डोलावली.

तुम्ही कप खाली ठेवत म्हणालात, "पण ताई, माझ्यावर तशी वेळ नको येऊ दे. मला बघवणार नाही, तुम्ही माझ्यासाठी धावताय ते."

दळवी हसले. मी नाही हसले. तुम्ही ते चेष्टेत म्हणाला नव्हतात, हे मला कळलं होतं. तुम्हाला देता यायचं, घेता यायचं नाही. मला त्यावर पुढे भांडायचं होतं. यंदा तिकडे युरोपवाल्यांनी आपला खर्च वाढवायचं कबूल केलं, ते दाखवून तुम्ही मला चिडवणार होतात, आणि मी काय उत्तर देणार हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यात तुम्ही पहाटेच्या नमाजाला उठलात आणि तिथेच बसलात, ते उठलाच नाहीत.

आता त्या सकाळचं सांगते. हसू नका.

जावेदचा फोन आला आणि आम्ही होतो तसे निघालो. ह्यांनी खानावळीला कुलूप लावलं. तुमच्यासारखा माणूस गेल्यावर आम्ही पोळ्या कशा लाटणार? दाराला चिठ्ठी लावली आणि आमच्या माणसांना कळवून टाकलं, की आज जेवण मोठ्या किचनमधून येईल. दळवींनीही तसंच केलं. मासे बर्फात घालून, कुलूप लावून, तेही पोचले. आणि घराखालच्या तुमच्या मोठ्या किचनमध्ये? तिथे सगळे आचारी भिंतीला टेकून बसले होते. जावेदने चुली पेटवू दिल्या नव्हत्या. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे आणून देतात, हे आपल्या दोन्हीकडे सारखंच. त्याला वाटलं, शेजारचे बघतील. शेजारचे म्हणजे आम्ही. आणि आम्हाला वाटलं, मोठं किचन बघेल.

तिघांच्याही चुली बंद. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण आपला करार असा होता की अडचण आली की तुम्हाला फोन करायचा. तुम्हाला कोण फोन करणार? तिकडच्या युतीतसुद्धा सरसेनापती नेहमी अमेरिकेचाच असतो, हे तुम्ही मला ऐटीत सांगितलं होतंत. त्याचा तोटा त्या दिवशी समजला.

आम्ही बायका आतल्या खोलीत बसलो होतो. रुकैयाभाभी भिंतीकडे बघत होत्या. मी त्यांचा हात धरला होता. आणि मध्येच त्यांनी मान वळवली आणि मला विचारलं, "निमा, आज डबे कोण करतंय?"

मी जावेदला बोलावलं, तो दाराशी आला. त्याने दळवींचं नाव घेतलं. दळवी हॉलमधून म्हणाले, मी तर तुमच्यावर सोडलं होतं. मग ते, हे, जावेद, सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. कॅम्पमधली माणसं पहाटे चहा पिऊन साइटवर गेलेली, दुपारी डब्याची वाट बघणारी. उन्हात लोखंड बांधणारी, काच बसवणारी माणसं. जवळ हॉटेल नाही की दुकान नाही.

"आता चुली पेटवायच्या म्हणजे," जावेद म्हणाला, "चाचांची मय्यत घरात आहे आणि खाली देग चढवायची? लोक काय म्हणतील?" त्याचं चुकत नव्हतं. तुम्हीच वाढवलेला पोरगा तो.

भाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. म्हणाल्या, "घरातली चूल बंदच राहील. खालची घराची नाही, लोकांची आहे. लोकांची चूल बंद ठेवायचा हक्क ना तुला, ना मला. निमा, ऊठ."

उठले मी. शौकतभाई, तशी मी आयुष्यात कधी उठले नव्हते. जिना उतरताना मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम. दळवींना म्हटलं, तुमच्या मार्केटमध्ये फोन करा, बटाटे आणि कोथिंबीर पाहिजे, आत्ता. ह्यांना म्हटलं, आता पुरे झालं तुमचं ओमान, खानावळ उघडा आणि सगळी डाळ, सगळा तांदूळ गाडीत टाका. तुमच्या आचाऱ्यांना म्हटलं, तुम्ही नुसते बसा, आज तुम्ही मयतीचे. पण ते बसले नाहीत. पहिली शेगडी पेटली तसा एकेक जण उठला, हात धुतले आणि कांद्याला बसला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की तुमच्यासाठीचं, कोण विचारतंय.

दळवींचं आइसलँड त्या दिवशी जागलं बरं का. बटाट्याच्या गोण्या घेऊन पिकअप गल्लीत शिरला तेव्हा ते गोण्यांवर बसून आले होते, धोतरावर, म्हणजे अंत्यदर्शनाला म्हणून नेसलेल्या त्या पांढऱ्या धोतरावर. त्या धोतराचं पुढे काय झालं ते विचारू नका. एवढी मोठी डाळ मी कधी ढवळली नव्हती. तुमचं उलथणं म्हणजे वल्हंच आहे की हो. आणि मी काय केलं, घरच्या सवयीने त्या देगीत आमसुलं टाकली. नंतर एका फोरमनचा फोन आला, "भाभीजी, आज दाल में खट्टा क्या है?" मी म्हटलं, "हमारा कोकण है, चुपचाप खाओ." मग तो विचारायला लागला, शौकतभाई कुठे आहेत, आणि मला सांगावं लागलं. तो एवढंच म्हणाला, "फिर भी खाना आया?"

फिर भी आया. हे तीन शब्द मला कोणी सोन्यात मढवून दिले तरी घेईन.

डबे भरून गाड्यांत चढले आणि तेवढ्यात वरून तुम्हाला खाली आणलं. गल्ली अरुंद, पिकअप उभे. ड्रायव्हर उतरले. तिघांनी तुम्हाला खांदा दिला, गल्लीच्या तोंडापर्यंत. मग दुसऱ्यांनी खांदे घेतले आणि हे तिघे उलटे धावत आले, गाडीत बसले, कोणीतरी "यल्ला, चला" म्हणालं आणि गाड्या निघाल्या. तुम्ही उजवीकडे गेलात, डबे डावीकडे गेले. मी किचनच्या दारात हळदीचे हात घेऊन उभी होते आणि मला इतका अभिमान वाटला, की एवढ्या दुःखातसुद्धा मी चक्क हसले. शेजारच्या बायकांनी पाहिलं असेल. पाहू दे.

मी मनात म्हटलं, शौकतभाई, बघा. आलं की नाही तुमच्यासाठी कलम बाहेर? आणि तुम्हाला ते बघवणार नव्हतं ना, बरं झालं, तुम्ही डोळे मिटून होतात.

पुढचे तीन दिवस तुमची चूल आम्हीच सांभाळली. पण खरी धाकधूक मला नंतरची होती. कंपन्यांचे फोन यायला लागले, आता कसं करणार म्हणून. तुमचा अर्बाब, ज्याच्या नावावर धंदा आहे तो ओमानी मालक, भला माणूस, तो म्हणाला, घरचे म्हणतील तसं. जावेद चांगला पोरगा आहे, पण त्याच्याकडे बघून तीन खानावळी एकत्र राहतील असं मला वाटेना. दळवी एकदा हळूच बोलून गेले, आता ज्याने त्याने आपापलं बघावं. मी त्यांच्यावर ओरडले, पण रात्री मलाही तेच वाटत होतं. तुम्ही गेलात म्हणजे माणूस गेला, काळ सगळ्यांनाच नेतो. पण तुमच्याबरोबर हे सगळंही गेलं असतं तर मला ते पचलं नसतं.

काल शुक्रवार. भाभींचा निरोप आला, सगळ्यांनी नेहमीसारखं या. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर ठरावीक दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून दळवी, हे आणि जावेद हॉलमध्ये बसले आणि मी आत भाभींजवळ, मधला दरवाजा अर्धा उघडा. सुलेमानी आला. टीव्ही कोणी लावला नाही. मला वाटलं, आता भाभी सांगणार, किचन बंद करते, गावी जाते.

भाभींनी कप हातात घेतला आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "किचन चालू राहणार. जावेद बाहेरचं बघेल, मी आतून बघेन. करार आहे तसाच. फोन मला करायचा." मग माझ्याकडे वळल्या. "आणि आता अमेरिका मी."

मी माझा कप खाली ठेवला.

"इतकी वर्षं आत बसून चहा गाळत तुमचं भांडण ऐकलंय," भाभी म्हणाल्या. "ह्यांचं मन मोठं, ते तुला सोडून द्यायचे. मी सोडणार नाही. त्या दिवशी युरोप धावून आलं म्हणून तू सगळ्या रुवीला सांगत फिरतेस, मला कळलंय. मला सांग, देगी कोणाच्या होत्या? गॅस कोणाचा? गाड्या कोणाच्या, ड्रायव्हर कोणाचे, आणि चूल पेटवा म्हणून हुकूम कोणी दिला? तुझी काय, आमसुलं? कुठे जायचं म्हटलं की तुमच्या युरोपला विमानसुद्धा अमेरिकेचं लागतं. सांग आता, ओझं कोणी उचललं?"

बाहेर दळवी ठसका लागेपर्यंत हसले. हे म्हणाले, ओमानला यावर काही बोलायचं नाही. आणि मला, शौकतभाई, मला, तोंडाची फटाकडी म्हणून जिला तुम्ही इतकी वर्षं चिडवलंत, एक शब्द सुचला नाही. भाभी माझ्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू होतं.

मी हरले. आणि हरल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.